ब्रिटनला माल पाठवायचाय? सीई, यूकेसीए आणि त्यामागचे कागद: नव्या उत्पादकासाठी

इंग्लंडमधल्या खरेदीदाराशी दर ठरला, नमुने पसंत पडले आणि मग त्याच्या ऑफिसातून ईमेल आला: 'मालावर यूकेसीए आहे ना?' इथून पुढे बहुतेक लघुउद्योजक दोनपैकी एक गोष्ट करतात. इंटरनेटवर २०२१ सालचा एखादा लेख सापडतो, तो वाचून घाबरतात. नाहीतर ओळखीच्या कन्सल्टंटला फोन लावून 'तेवढं सर्टिफिकेट काढून द्या' म्हणतात. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात पैसे.

खरी परिस्थिती त्यामानाने सोपी आहे. सीई मार्क म्हणजे माल युरोपीय संघाच्या नियमांत बसतो अशी खूण; यूकेसीए ही तिचीच ब्रिटिश आवृत्ती. कारखान्यात तयार होणाऱ्या बहुतेक मालासाठी ब्रिटनमध्ये आजही सीई चालतो आणि त्याला शेवटची तारीख ठेवलेली नाही. माल अडकतो तो खुणेमागचे कागद नसतात म्हणून, किंवा खोक्यावर नको त्याचं नाव असतं म्हणून. त्यामुळे या लेखात खुणेपेक्षा कागदांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

एवढा गोंधळ का झाला

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडला आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने स्वतःची खूण आणली: युनायटेड किंग्डम कन्फॉर्मिटी असेस्ड, म्हणजे यूकेसीए. सीई फक्त वर्षभर चालेल असं तेव्हा जाहीर झालं होतं. उद्योगांची तयारी नव्हती, म्हणून मुदत २०२२ अखेरपर्यंत वाढली. मग ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत. शेवटी १ ऑगस्ट २०२३ ला तिथल्या व्यापार खात्याने जाहीर केलं की १८ नियमावल्यांखालच्या मालासाठी सीई बेमुदत मान्य राहील. जानेवारी २०२४ मध्ये आणखी ३ नियमावल्या त्यात आल्या, आणि हे सगळं १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यात लागू झालं.

म्हणजे 'अमुक तारखेनंतर सीई बंद' असं सांगणारा लेख दिसला, की आधी तो कधी लिहिलाय ते बघा.

या २१ नियमावल्यांत खेळणी, यंत्रं, कमी दाबाची (लो व्होल्टेज) विद्युत उपकरणं, विद्युतचुंबकीय सुसंगतता म्हणजे ईएमसी (एका उपकरणाने दुसऱ्याच्या कामात विद्युत अडथळा न आणणं), रेडिओ उपकरणं, प्रेशर इक्विपमेंट, गॅसची उपकरणं, हेल्मेट-हातमोज्यांसारखी संरक्षक साधनं, वजनकाटे, लिफ्ट, स्फोटक वातावरणात वापरायची फ्लेमप्रूफ उपकरणं आणि घातक पदार्थांवरचे रोह्स निर्बंध येतात. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडचा बराचसा इंजिनिअरिंग माल यातच बसतो. वैद्यकीय उपकरणं आणि बांधकाम साहित्य यांचे नियम वेगळे आहेत. वैद्यकीय उपकरण असेल तर तिथल्या एमएचआरए या संस्थेकडे नोंदणी आणि ब्रिटनमधला जबाबदार प्रतिनिधी नेमणं आलंच. तो विषय इथे घेत नाही.

पायरी १: माल नेमका कोणत्या शहरात उतरणार?

'यूकेला' हे उत्तर पुरेसं नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स हा एक बाजार. उत्तर आयर्लंड हा त्याच देशाचा भाग, पण मालाच्या नियमांपुरता तो युरोपीय संघाच्या नियमांत राहिला आहे; २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्कनेही ते तसंच ठेवलं. आणि आयर्लंडचं प्रजासत्ताक, म्हणजे डब्लिन, हा सरळ युरोपीय संघच.

त्यामुळे लंडनला किंवा लेस्टरला जाणाऱ्या मालावर सीई किंवा यूकेसीए, कोणतंही एक चालेल. बेलफास्टला, म्हणजे उत्तर आयर्लंडला, सीई हवा. नुसता यूकेसीए तिथे चालत नाही. बेलफास्टपुरतं ब्रिटिश संस्थेकडून प्रमाणन घेतलं असेल तर सीईच्या शेजारी 'यूकेएनआय' अशी खूण लागते. ती एकटी कधी लावायची नसते, आणि सीई व यूकेएनआय अशी जोडी असलेला माल युरोपीय संघात स्वीकारला जात नाही. डब्लिन, हॅम्बुर्ग, रॉटरडॅम इथे फक्त सीई.

खरेदीदार लंडनचा असला तरी त्याची गोदामं कुठे आहेत हे विचारा. तिथून तो आयर्लंडला माल पाठवत असेल तर नुसत्या यूकेसीएवर काम भागणार नाही. माझं मत विचाराल तर पुढेमागे जर्मनी किंवा नेदरलँड्सची ऑर्डर येईल असं थोडं जरी वाटत असेल, तर सीईच्याच वाटेने जा. एका खर्चात सगळे बाजार उघडतात.

पायरी २: तुमच्या मालाला खूण लागते तरी का?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. स्टीलची भांडी, लाकडी फर्निचर, साड्या, पितळी समया, मसाले यांना सीईही लागत नाही आणि यूकेसीएही. त्यांना सामान्य उत्पादन सुरक्षेचे किंवा अन्नाचे नियम लागतात. जिथे खूण लागत नाही तिथे 'असू दे, बरं दिसतं' म्हणून सीई छापणं हा तिथे गुन्हा आहे. प्रेशर इक्विपमेंटमध्ये हे फार घडतं. कमी दाबाच्या, छोट्या आकाराच्या काही वस्तू 'चांगल्या अभियांत्रिकी पद्धतीने बनवा' एवढ्याच अटीखाली येतात, आणि त्या नियमानुसार त्यांच्यावर सीई लावायचाच नसतो. व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांनी आकार आणि दाब यांचा तक्ता काढून आपला माल कोणत्या वर्गात पडतो ते आधी बघावं.

खेळण्यांचं उदाहरण मजेदार आहे. सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी फळं घ्या. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून विकली तर ती खेळणी. मग ईएन ७१ या युरोपीय मानकाच्या चाचण्या, रंगातल्या शिशासारख्या मूलद्रव्यांची तपासणी, लहान सुटे भाग, सगळं आलं. 'शोभेची वस्तू' म्हणून विकली तर सीई नको. पण नुसतं लेबलवर 'शोभेची' लिहून सुटका होत नाही. वस्तूकडे बघून मूल तिच्याशी खेळेल असं वाटलं तर अधिकारी ती खेळणीच धरतात. शिवाय ब्रिटनमध्ये १९८९ पासून खाद्यपदार्थांसारख्या दिसणाऱ्या वस्तूंसाठी स्वतंत्र नियम आहेत: मुलाने खाऊ समजून तोंडात घातली आणि ती घशात अडकली किंवा तिच्यातून विषबाधा झाली, असा धोका असलेली वस्तू विकता येत नाही. टपोरं जांभूळ आणि फणस यांच्यात म्हणूनच फरक पडतो.

पायरी ३: कोणते कायदे लागतात त्यांची यादी

इथून पुढे एकच उदाहरण धरू: घरगुती मिक्सर-ग्राइंडर. परदेशातल्या मराठी घरांतही आपलाच मिक्सर लागतो, कारण ओल्या खोबऱ्याचं वाटण तिथल्या ब्लेंडरला जमत नाही.

या मिक्सरला तीन मुख्य कायदे लागतात. विद्युत सुरक्षा, ईएमसी आणि रोह्स. युरोपच्या बाजूने ते २०१४/३५, २०१४/३० आणि २०११/६५ या क्रमांकांचे निर्देश आहेत. ब्रिटनच्या बाजूने त्यांचीच भावंडं: इलेक्ट्रिकल इक्विपमेंट (सेफ्टी) रेग्युलेशन्स २०१६, इलेक्ट्रोमॅग्नेटिक कम्पॅटिबिलिटी रेग्युलेशन्स २०१६ आणि रोह्सची २०१२ ची नियमावली. विद्युत सुरक्षेचा कायदा एसी ५० ते १००० व्होल्टपर्यंतच्या उपकरणांना लागतो. आपला २३० व्होल्टचा मिक्सर त्यात आरामात बसतो. भांड्यात अन्न जातं, म्हणून अन्नाशी संपर्क येणाऱ्या पदार्थांचे नियमही लागतात. त्यांची खूण वेगळी नाही, पण स्टील आणि प्लॅस्टिकचे कागद लागतात. ई-कचऱ्याचा नियम वेगळा. त्यासाठी चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चिन्ह छापावं लागतं.

पायरी ४: स्वतः जाहीर करायचं की संस्थेकडे जायचं?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. मिक्सरच्या या तीनही कायद्यांखाली उत्पादक स्वतः चाचण्या करून, स्वतःच्या सहीने 'माझा माल नियमाला धरून आहे' असं जाहीर करू शकतो. बाहेरच्या संस्थेचं सर्टिफिकेट कायद्याने लागत नाही. तरीही 'सीई सर्टिफिकेट' नावाचा छान सोनेरी कडेचा कागद विकणारे भरपूर भेटतील. तो कागद देणारी संस्था त्या विषयासाठी नेमलेली नसेल तर त्याची किंमत कागदाइतकीच. अगदी नेमलेल्या संस्थेने 'ऐच्छिक' म्हणून दिलेला कागदही कायद्यातल्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

संस्था खरोखर लागते ती जास्त धोक्याच्या मालाला. गॅसची शेगडी असेल तर लागतेच. प्रेशर इक्विपमेंटमध्ये पहिला वर्ग स्वतः, त्यावरच्या वर्गांना संस्था. फ्लेमप्रूफ मोटरला लागते. खेळण्यांना मानकं पूर्ण लागू होत असतील तर नाही, मानकात न बसणारं काही असेल तर हो. यंत्रांमध्ये प्रेससारखी काही ठरावीक धोकादायक यंत्रं सोडली तर बहुतेकांना स्वतःची घोषणा चालते.

संस्था निवडताना ब्रेक्झिटचा खरा परिणाम जाणवतो. १ जानेवारी २०२१ ला ब्रिटनमधल्या सगळ्या नोटिफाइड बॉडींचं, म्हणजे प्रमाणनासाठी अधिकृतपणे नेमलेल्या संस्थांचं, युरोपातलं स्थान गेलं. त्या आता ब्रिटनपुरत्या 'अप्रूव्हड बॉडी' आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रावर यूकेसीए लावता येतो, सीई नाही. सीईसाठी युरोपीय संघातली नोटिफाइड बॉडीच हवी, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांचं प्रमाणन सरसकट मान्य करायचा करार झालेला नाही. काही मोठ्या कंपन्यांनी म्हणूनच लंडनबरोबर ॲमस्टरडॅम किंवा डब्लिनमध्येही संस्था काढल्या. प्रस्ताव आला की त्यावरचा चार आकडी क्रमांक आणि देश बघा. युरोपच्या संस्थांची यादी 'नँडो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी डेटाबेसमध्ये आहे, ब्रिटनची 'यूकेएमकॅब'मध्ये. दोन्ही फुकट बघता येतात. तिथे नाव नसेल किंवा नावापुढे तुमचा कायदा नसेल तर बोलणी तिथेच थांबवा.

पायरी ५: चाचण्या

मिक्सरसाठी ईएन ६०३३५ च्या पहिल्या भागासोबत स्वयंपाकघरातल्या यंत्रांचा २-१४ हा भाग लागतो. ईएमसीसाठी ५५०१४ चे दोन भाग आणि ६१००० मालिकेतले हार्मोनिक व फ्लिकरचे भाग. ब्रिटनमध्ये हीच मानकं 'बीएस ईएन' नावाने मिळतात आणि मजकूर बहुतेक तोच असतो.

तुमच्याकडे आयएसआय आहे, आयएस ४२५० च्या चाचण्या झाल्या आहेत, हे चांगलंच. पण त्यावर ब्रिटनमध्ये माल विकता येत नाही. मोटरच्या तापमानवाढीची आकडेवारी, अर्थिंगचे निकाल वगैरे गोष्टी प्राथमिक तयारीसाठी उपयोगी पडतील, एवढंच. एनएबीएल मान्यता असलेल्या भारतीय प्रयोगशाळेतून ईएन मानकानुसार अहवाल घेतला तर स्वतःच्या घोषणेसाठी तो चालतो. मात्र प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या यादीत नेमकं तेच मानक, त्याच सालच्या आवृत्तीसह आहे का ते तपासा. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या सीबी योजनेखालचा अहवाल घेतला तर पुढे दुसऱ्या देशांतही कामाला येतो. त्यात युरोपसाठीचे राष्ट्रीय फरक तपासायला सांगायला विसरू नका.

रोह्समध्ये १० पदार्थ मोजतात. कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के, बाकी सगळ्यांची ०.१ टक्के, आणि ती संपूर्ण मिक्सरमागे नाही, प्रत्येक एकजिनसी भागामागे. म्हणजे केबलच्या वरच्या पीव्हीसीला वेगळी, सोल्डरला वेगळी. पीव्हीसी मऊ करायला वापरतात ते चार थॅलेट या यादीत आहेत, आणि आपल्याकडच्या स्वस्त केबलमध्ये नेमकं तिथेच घोडं अडतं. केबलवाल्याकडून नुसतं पत्र नको, अहवाल घ्या.

पायरी ६: प्लग

याला पायरी म्हणावं का माहीत नाही, पण मिक्सरवाल्यांनी वाचावंच. घरगुती प्लग आणि सॉकेट यांना सीई आणि यूकेसीए दोन्ही लागत नाहीत, तरी ब्रिटनचा १९९४ चा प्लगचा वेगळा कायदा लागतो. घरगुती उपकरणासोबत चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला बीएस १३६३ प्लग बसवून द्यावा लागतो, आणि त्या प्लगला स्वतःची मंजुरी असावी लागते. आपला गोल तीन पिनांचा प्लग मुळात ब्रिटिशांच्याच जुन्या बीएस ५४६ वरून आलेला. त्यांनी स्वतःच्या घरांतून तो कधीच काढला, आपण सांभाळून ठेवला. इथल्या प्लगसोबत ॲडॉप्टर देऊन भागेल असं समजू नका. प्लग मंजुरी असलेल्या उत्पादकाकडूनच घ्या आणि मंजुरीची प्रत फाइलला लावा. युरोपला पाठवायच्या मिक्सरचा प्लग अर्थातच वेगळा.

पायरी ७: तांत्रिक फाइल आणि घोषणापत्र

फाइलमध्ये काय असतं? मालाचं वर्णन आणि मॉडेल क्रमांक, ड्रॉइंग, सर्किट, महत्त्वाच्या सुट्या भागांची यादी त्यांच्या पुरवठादारांसकट, धोक्यांचं मूल्यमापन, लावलेली मानकं, चाचणी अहवाल, लेबलचा नमुना, इंग्रजी माहितीपुस्तिका आणि कारखान्यात रोज काय तपासता त्याची नोंद. माल बाजारात आल्यापासून १० वर्षं ही फाइल जपायची. मागितली की देता आली पाहिजे, म्हणून ती कन्सल्टंटच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. कन्सल्टंट बदलतात.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे धोक्यांचं मूल्यमापन. आपल्याकडे बरेच जण एखादा तयार तक्ता उतरवून काढतात आणि मिक्सरच्या फाइलमध्ये लेथचे धोके सापडतात. दोन तास कारखान्यातल्या माणसांसोबत बसा: झाकण नसताना मोटर सुरू होते का, भांडं नीट न बसता पातं फिरतं का, ओव्हरलोड स्विच पडल्यावर आपोआप तर सुरू होत नाही. जे प्रश्न सर्व्हिसला आलेल्या मिक्सरवरून कळतात ते कोणत्याच तक्त्यात नसतात.

घोषणापत्र मात्र एका पानाचं असतं. उत्पादकाचं नाव-पत्ता, मॉडेल, 'ही घोषणा उत्पादकाच्या एकट्याच्या जबाबदारीवर दिली आहे' हे वाक्य, कायद्यांची यादी, मानकं सालासकट, संस्था असेल तर तिचा क्रमांक, जागा, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. सीईवर ब्रिटनला माल पाठवत असाल तर युरोपीय घोषणापत्र इंग्रजीत असलं की पुरे.

खरेदीदार यूकेसीएच हवा म्हणून अडून बसला तर? स्वतः जाहीर करायच्या मालात भांडायची गरज नाही. त्याच चाचण्यांवर ब्रिटिश कायद्यांची नावं घालून दुसरं घोषणापत्र करा आणि दोन्ही खुणा शेजारी लावा. युरोपीय अटी पूर्ण करणाऱ्या मालावर यूकेसीए लावायची सोयही कायद्यात आहे. खर्च छपाईचा.

पायरी ८: खूण कशी लावायची

दोन्ही खुणा किमान ५ मिलिमीटर उंच, प्रमाण न बिघडवता, सहज न पुसली जाणारी. सीई शक्य तिथे मालावरच. यूकेसीएला मात्र सवलत आहे: बहुतेक मालासाठी ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत ती चिकटवलेल्या लेबलवर किंवा सोबतच्या कागदावर चालते. म्हणजे फक्त ब्रिटनसाठी नवा डाय बनवायची घाई नको. खुणेच्या चित्राची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. हाताने अक्षरं जुळवत बसू नका. अक्षरांत कमी अंतर असलेला सीई म्हणजे 'चायना एक्स्पोर्ट' अशी एक गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरत असते. अशी कोणतीही अधिकृत खूण नाही. तो फक्त चुकीचा छापलेला सीई.

पायरी ९: खोक्यावर कोणाचं नाव

ब्रेक्झिटपूर्वी लंडनचा आयातदार अख्ख्या युरोपसाठी पुरत होता. आता ब्रिटनसाठी आयातदाराचा पत्ता ब्रिटनमधला आणि युरोपीय संघासाठी संघातला. अधिकृत प्रतिनिधी नेमला असेल तर तोही तसाच. रॉटरडॅममधून माल घेणारा ब्रिटिश दुकानदार पूर्वी नुसता वितरक होता. आता कायद्याने तो आयातदार झाला, फाइल तपासायची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणूनच तुमचा जुना ग्राहक अचानक इतके कागद मागायला लागला आहे.

मालावर तुमचं नाव-पत्ता, मॉडेल किंवा बॅच क्रमांक, आणि आयातदाराचं नाव-पत्ता. मालावर जागाच नसेल तर पॅकिंगवर किंवा सोबतच्या कागदांवर. आयातदाराचा तपशील काही काळ नुसत्या कागदांवर देण्याची सूट आहे, पण ती युरोपातून येणाऱ्या मालाला. भारतातून थेट जाणाऱ्या मालाने तिच्यावर विसंबू नये.

युरोपमधल्या ग्राहकांना ऑनलाइन थेट विकणार असाल तर संघात बसलेला जबाबदार माणूस किंवा कंपनी नेमावीच लागते. १३ डिसेंबर २०२४ पासून हा नियम जवळपास सगळ्या ग्राहकोपयोगी मालाला आला आणि तो उत्तर आयर्लंडलाही लागतो. तिथे लेस्टरमधला मामेभाऊ चालत नाही.

माल गेल्यानंतर

२४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनने व्यापार करारावर सह्या केल्या. त्यातल्या मालासाठीच्या सवलती मुख्यतः सीमाशुल्काच्या आहेत. शुल्क शून्यावर आलं तरी या लेखातली एकही पायरी गळत नाही.

युरोपला यंत्रं पाठवणाऱ्यांनी २० जानेवारी २०२७ ही तारीख भिंतीवर लावावी: त्या दिवसापासून २००६ च्या जुन्या निर्देशाऐवजी नवी यंत्र नियमावली लागू होते आणि घोषणापत्रावरचा क्रमांक बदलतो.

तुमच्याकडे पुरवठादार बदलला, मोटरचं वाइंडिंग बदललं, केबल दुसऱ्याकडून घेतली की फाइल उघडून तारीख टाकून नोंद करा आणि कोणती चाचणी पुन्हा लागते ते ठरवा. खरेदी विभागाला हे लेखी सांगून ठेवा, कारण बदल तिथे होतो आणि क्वालिटीवाल्याला महिन्याने कळतो. इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदरात ट्रेडिंग स्टँडर्ड्सच्या, म्हणजे मालाची सुरक्षा तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, माणसाने कंटेनर उघडला तर तो आयातदाराकडे घोषणापत्र आणि अहवाल मागेल, आणि आयातदार त्याच दिवशी तुम्हाला ईमेल करेल. अहवालातला मॉडेल क्रमांक, घोषणापत्रातला, रेटिंग प्लेटवरचा आणि इनव्हॉइसवरचा, हे चारही एकच आहेत ना, एवढं कंटेनर भरण्यापूर्वी एका माणसाला बसवून ताडून घ्या.